बोस्टनचा चहा आणि गुरुजींची किटली

करंजखोप गावच्या शाळेत बळवंत गुरुजी इतिहास शिकवीत. नुसतं पुस्तक वाचून दाखवणं त्यांना कमीपणाचं वाटे. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यात बोस्टन बंदरात लोकांनी करापायी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला, तो धडा शिकवायला घेतला, तेव्हा त्यांनी पटांगणात चुन्याने समुद्र आखला, बाकांचं जहाज केलं आणि दुकानांतून चहाचे रिकामे खोके गोळा केले. स्वतः पुठ्ठ्याचा मुकुट घालून ते इंग्लंडचे राजे झाले आणि चहावर कर बसवून मोकळे झाले. "आम्हाला न विचारता लादलेला कर आम्ही देणार नाही," असं म्हणत आठवीच्या वर्गाने सगळे खोके समुद्रात भिरकावले. गुरुजींचा ऊर भरून आला. पुढे आठ दिवस ते भेटेल त्याला हेच सांगत होते.

ही कीर्ती तालुक्याच्या शिक्षण खात्यातल्या साहेबांच्या कानी गेली. आदर्श शिक्षकाच्या पुरस्कारासाठी नाव त्यांनीच सुचवायचं होतं, आणि गुरुजी त्या पुरस्काराची बारा वर्षं वाट पाहत होते. साहेब त्याच आठवीच्या वर्गात येऊन बसले. पाहुणा आला की वर्गातल्या कोणीतरी नाक्यावरून चहा आणायचा, असा शाळेचा जुना रिवाज. गुरुजींनी पुढच्या बाकावरच्या सुगंधापुढे किटली धरली.

सुगंधा उभी राहिली, पण तिने किटली घेतली नाही.

"गुरुजी, चहाला गेलं की आमचा तास बुडतो. हा नियम करताना आम्हाला कोणी विचारलं नव्हतं."

तिच्यामागे सगळा वर्ग उभा राहिला. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "हेच का वळण लावलंत, गुरुजी?"

गुरुजींचा चेहरा पडला. नुसते डोळे वटारले असते तरी पोर मुकाट्याने गेली असती, आणि पुरस्कारही हाती आला असता.

"हो साहेब, मीच लावलंय," ते म्हणाले. "खाली बैस, सुगंधा. तुझं बरोबर आहे."

आणि भर तासाला गुरुजी स्वतः किटली घेऊन नाक्याकडे निघाले. पण चाल अशी ऐटबाज, की बघणाऱ्याला वाटावं, यांची मिरवणूकच निघाली आहे.

पुरस्कार शेजारच्या गावाला गेला. गुरुजींना वाईट वाटलं नाही असं नाही. पण कोणी विषय काढलाच, तर ते मिशीवर हात फिरवून म्हणत, "माझी पोरं मला नाही म्हणाली. तेही साहेबांसमोर, आणि अदबीनं."

तात्पर्य: आपण दिलेली शिकवण आपल्यालाच आडवी आली, तर तिला मानाने वाट द्यावी, धडा खरा पोचला तो तेव्हाच.