शिंगाळची दरड

दोष झिपऱ्याचा होता. नंतर म्हाताऱ्यांनी तो वाऱ्यावर ढकलला, तरण्यांच्या उतावीळपणावर ढकलला. पण हाक देणं झिपऱ्याचं काम होतं आणि त्याने हाक दिली नाही.

त्या खोऱ्यात सांबरांचं राज्य होतं आणि राज्याला कायदा एकच होता : हाक नाही तर पळ नाही. कळपातल्या एका जाणत्याला हाकाऱ्या नेमत. त्याने खूर आपटून हाक दिली की सगळ्यांनी पळायचं. नाही दिली, तर कुणाला काहीही दिसो, जागेवरून हलायचं नाही. तरण्यांची हाक धरत नसत. का, असं विचारणाऱ्याला 'आधी दात झिजव' म्हणून सांगत. दात झिजले की अक्कल येते, अशी तिथे समजूत होती. झिजलेले दात पुष्कळ होते.

तीन उन्हाळ्यांपूर्वी कळपाने आपला राजा शिंगाळ याला हाकलून दिलं होतं. कारण सगळ्यांना माहीत होतं, फक्त आता कुणी ते तोंडातून काढत नव्हतं. शिंगाळ लंगडी, अशक्त पाडसं कळपाच्या कडेला चरायला लावायचा. ती कमी होत जायची आणि रानकुत्रे बाकीच्यांना हात लावायचे नाहीत. याला तो शांतता म्हणायचा. झिपऱ्याने त्याला एकदा रानकुत्र्यांशी बोलताना पाहिलं, तिथल्या तिथे हाक दिली, आणि त्या दिवशी कळप पळाला नाही, राजावरच धावून गेला. झिपऱ्याच्या हातून घडलेली ती एकच धड गोष्ट.

शिंगाळ गेला आणि खाऱ्या मातीच्या दरडीवर रांग सुरू झाली. जो आधी येईल तो आधी चाटेल. म्हाताऱ्यांना हे सोसेना. पूर्वी ते दरडीला टेकून दिवसभर चाटत असायचे. आता त्यांच्यापुढे परवा जन्मलेलं पोर उभं.

"काही म्हणा, शिंगाळच्या वेळी शिस्त होती," ते रवंथ करत म्हणायचे.

"पाडसं जायची हो पण."

"आता जात नाहीत? एक दरीत पडलं, एक हगवणीने गेलं. तेव्हा निदान कशाने गेलं ते कळायचं तरी."

आणि मग सगळे मिळून हसायचे.

झिपऱ्याची लेक काजळी या हसण्याकडे कान देऊन असायची. तिचं पाडस, झिपऱ्याची एकुलती नात, मागच्या पायाने लंगडं होतं. शिंगाळ परत आला तर सगळ्यात आधी कोण जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

एका सकाळी तिने बापाचं तोंड हुंगलं.

"आबा, तुम्ही आज रांगेत नव्हता. मग ओठांना माती कुठली?"

"दरडीचीच."

"दरडीची लाल असते. ही पांढरी आहे."

"बापाच्या तोंडाला नाक लावतेस? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच विचारतेय. तो आला तर हाक द्याल ना?"

"दिसलं तर देईन," झिपऱ्या म्हणाला आणि पाठ फिरवून मुतायला गेला.

त्यानंतर काजळी सगळ्यांची तोंडं बघू लागली. आणखी पाच म्हाताऱ्यांच्या ओठांना पांढरी माती होती. खोऱ्यात पांढरी माती कुठेच नव्हती.

शिंगाळ भर दुपारी आला. कोरड्या ओढ्यातून, एकटा, शिंगांना फुललेले वेल गुंडाळून, खुरांना पांढरी माती. कळपासमोर त्याने पुढचे गुडघे टेकले, डोकं मातीला लावलं आणि रडला. "मला राज्य नको," तो म्हणाला. "मरण्याआधी एकदा घरची माती चाटू द्या." म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. इतके एकदम भरून आले, की त्यांनी सराव केला असावा.

त्याच्यामागचं बांबूचं बेट हललं. वारा नव्हता. काजळीला रानकुत्र्यांचा वास आला आणि तिने खूर आपटून हाक दिली. हाक स्वच्छ होती. शंभर कान टवकारले, आणि सगळ्यांनी झिपऱ्याकडे पाहिलं.

हाकेआधी उठते तशी झिपऱ्याची शेपटी अर्धी वर गेली.

"हाकारेबुवा," शिंगाळ मातीवरून डोकं न उचलता हळूच म्हणाला, "तुमची नात ती आमची नात. मी तिचं नाव कधी घेणार नाही. शब्द."

शेपटी खाली आली. "पोर भित्री आहे," झिपऱ्या म्हणाला. "वारा आहे तो."

काजळीने पाडसाला ढुशी देऊन पळवायला पाहिलं. दोन म्हातारे वाटेत आडवे झाले. "कायदा आहे बाई," ते म्हणाले. "तुझ्यासाठी वेगळा?"

शिंगाळ दरडीवर चढला. मग बेटातून रानकुत्रे निघाले आणि दरडीखाली शहाण्यासारखे ओळीने बसले. शिंगाळने त्यांची पाहुणे म्हणून ओळख करून दिली. रांग त्याच दिवशी मोडली. दरडीवरची पहिली जागा झिपऱ्याला मिळाली.

तिसऱ्या दिवशी शिंगाळने त्याला बोलावलं.

"कडेला कोण चरणार, ते आजपासून तुम्ही ठरवायचं. तुम्ही जाणते. मी नाव घेणार नाही, शब्द दिलाय. फक्त लंगडं हवं. कायदा सगळ्यांना सारखा."

झिपऱ्या दिवसभर पाडसांमधून फिरला, पाय बघत. बाकी एकही लंगडत नव्हतं. संध्याकाळी काजळी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे न बघता, मानेनेच दाखवलं.

आता रोज दुपारी आया आपापली पाडसं घेऊन दरडीसमोरून जातात. सरळ, ताठ, एका चालीने. एखादं ठेचकाळलं, की त्याची आई त्याला चाटत बसते, आणि शेजारच्या माद्या माना वळवून झिपऱ्याकडे बघतात, त्याने पाहिलं की नाही.

झिपऱ्या पहिल्या जागेवर बसून माती चाटतो. ती जागा त्याला एका नातीला पडली.