चिपूच्या गवताचं दार

बर्फाच्या डोंगरात एक चिपू राहायची. चिपू म्हणजे पिका, सशाची छोटी बहीण. उंदराएवढी. गोल गोल कान, शेपूटच नाही!

चिपू दिवसभर गवत आणायची. उन्हात वाळवायची. मोठ्ठ्या धोंड्याखाली रचायची. वर खडे ठेवायची, वारा नेईल म्हणून. थंडीत पोरं काय खातील? सारखी तीच काळजी.

एक दिवस धोंडा कलला. धप्प! दार बंद. गवत आत, चिपू बाहेर. तोंडात उरली एकच काडी.

"धोंडूमामा, धोंडूमामा, हला ना! दार उघडेना. पोरं माझी काय खातील?"

"मी का आपणहून आलो? वर ती बर्फाची नदी आहे ना, त्या बर्फमावशीने आणून टाकलंय मला. बांध सरकला, तर मी हलेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. चिपू गेली बांधाकडे. दगडमातीचा लांब बांध. तोही मावशीनेच लोटून ठेवलेला.

"बांधकाका, बांधकाका, सरका ना! धोंडा हलेना, दार उघडेना. पोरं माझी काय खातील?"

"सुकून घट्ट झालोय बाई. तळं भरून पाणी आलं, तर मी सरकेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मावशीने कोरलेला खड्डा, त्यात निळं निळं तळं.

"तळेताई, तळेताई, भर ना! बांध सरकेना, धोंडा हलेना, दार उघडेना. पोरं माझी काय खातील?"

"मीच अर्धी रिकामी गं. बर्फ वितळला, तर मी भरेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. वर, आणखी वर. बर्फमावशी डोंगरावर मागे मागे सरकत निघाली होती. हळू... हळू...

"बर्फमावशी, बर्फमावशी, वितळ ना! तळं भरेना, बांध सरकेना, धोंडा हलेना, दार उघडेना. पोरं माझी काय खातील? आणि केवढा गं हा तुझा पसारा! दगड तिथे, माती तिथे!"

मावशी हसली. "आता नाही गं उचलवत. ऊन पडलं, तर मी वितळेन."

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन दे ना! बर्फ वितळेना, तळं भरेना, बांध सरकेना, धोंडा हलेना, दार उघडेना. पोरं माझी काय खातील?"

"अंगावर ढगाची गोधडी आहे. वाऱ्याने ओढली, तर मी ऊन देईन."

"वारोबा, वारोबा, गोधडी ओढ ना! ऊन पडेना, बर्फ वितळेना, तळं भरेना, बांध सरकेना, धोंडा हलेना, दार उघडेना. पोरं माझी काय खातील?"

वारोबा रुसला होता. "गवतावर खडे ठेवतेस! मला खेळायला एक काडी देत नाहीस! आता बरी आठवण आली? ती काडी दे, तर मी ओढेन."

चिपूने काडी घट्ट धरली. एवढीच तर उरली होती.

मग डोळे मिटले... आणि सोडली. भिर्रर्र!

वारोबा खूश! काडी नाचवली. गोधडी ओढली, सर्रर्र! ऊन पडलं, लख्ख! बर्फ वितळला, टप टप टप. तळं भरलं, डब डब डब.

"हळू गं ताई! गवत भिजेल माझं!"

पाणी आलं हळूच, झुळझुळ. बांध सरकला, खर्र खर्र. धोंडा हलला, डुगडुग, डुगडुग...

दार उघडलं!

गवत कोरडंच! पोरं आली धावत. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम.

चिपूने गवतावर पुन्हा खडे ठेवले. पण एक काडी ठेवली बाहेर. वारोबाला.

पोटं भरली, काळजी सरली. धोंड्याखाली सगळी गाढ निजली.