राणीचे चाळीस दिवस

युरोपच्या उत्तरेला, वर्षातले सात महिने बर्फाखाली असलेल्या एका राज्यात एकदा एक परदेशी मुलगी राणी होऊन आली. चमचा कसा धरावा इथपासून खोकावे कसे इथपर्यंत सासरच्या महालात नियम होते. ते पुरते शिकण्याआधीच राजा युद्धात पडला आणि सिंहासन तिच्याकडे आले. इथल्या भाषेत तिला तीनच गोष्टी म्हणता येत. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘सूप छान झालंय’. सरदारांना हे फार सोयीचे वाटले.

कारण तिथली रीतच तशी होती. राज्याभिषेकाच्या वेळी थोरला सरदार शपथेचे एकेक वाक्य उच्चारी आणि राज्यकर्त्याने ते त्याच्यामागून म्हणायचे. त्या क्षणी चर्चमध्ये राज्यकर्त्याच्या मुखातून निघेल तो कायदा. तो मागे घेता येत नसे.

चाळीस दिवस हातात होते. राणीला शिकवणारे वृद्ध धर्मगुरू तरुणपणी तिच्या देशात राहिलेले. तिने शपथेचा कागद त्यांच्यापुढे धरला. “गुरुजी, एवढं मी घोकते. एक अक्षर चुकणार नाही.”

गुरुजींनी कागद घेतला आणि शांतपणे शेकोटीत टाकला.

“उद्यापासून नदीवर जायचं. धोबिणींकडे.”

“मी? धुणं धुवायला?”

“धू, नाहीतर नुसती बस. पण त्या काय बोलल्या ते मला रोज येऊन सांगायचं.”

राणी मनातून चिडली, पण गेली. बर्फाला भोक पाडून बायका धूत होत्या. पहिल्या आठवड्यात तिला फक्त हसणे कळले. दुसऱ्या आठवड्यात शब्द कळले. “अगं बाई, चादर पिळतेस की तिची समजूत काढतेस?”

विसाव्या दिवशी तिने उत्तर दिले, “समजूतच काढतेय. तू पिळलेल्या चादरी रडत माझ्याकडे येतात!” त्या दिवसापासून तिला कोणी ‘राणीसाहेब’ म्हणेना. ती ‘ए पोरी’ झाली.

राज्याभिषेकाचा दिवस उजाडला. चर्च खचाखच भरले होते.

“मी न्यायाने राज्य करीन,” थोरला सरदार म्हणाला. राणी त्याच्यामागून म्हणाली.

“मी सीमांचे रक्षण करीन.” तेही ती म्हणाली.

“आणि सैन्य व खजिना सरदारांच्या हाती सोपवीन.” सूर तोच, स्मितही तेच.

राणी थांबली.

“म्हणा, राणीसाहेब,” तो गोड आवाजात म्हणाला. “एवढंच राहिलंय.”

“सरदारसाहेब,” राणी थेट नदीवरच्या ठसक्यात म्हणाली, “चादर आमची, आणि पिळलेलं पाणी तुमच्या बादलीत? हे वाक्य शपथेचं वाटत नाही, तुमचं वाटतं. सैन्य आणि खजिना राज्याचा. आणि राज्य मी करणार.”

झाला कायदा! मागच्या बाकांवरून धोबिणींचा हंशा फुटला, पाठोपाठ सगळे चर्च जयजयकार करत उठले. सगळ्यात आधी गुडघे टेकायचा मान रीतीप्रमाणे थोरल्या सरदाराचाच होता. त्याने ते टेकले.

संध्याकाळी राणीने विचारले, “गुरुजी, त्याच्या मनातलं तुम्हाला ठाऊक होतं?”

“नाही, बाळ. पण तू घोकलं असतंस, तर कागदावर नसलेलं वाक्य ऐकून तुला वाटलं असतं, आपणच विसरलो. घोकणारा माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. नदीवर तू भांडायला शिकलीस. ज्या भाषेत भांडता येतं, त्या भाषेत कोणी आपल्याला फसवू शकत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी नदीवर दिसताच धोबिणी गडबडून उभ्या राहिल्या.

“बसा गं,” ती बाह्या सावरत म्हणाली. “माझी एक चादर पिळायची राहिलीय.”