बैलाचा चौथा पाय

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुन्या काळातली. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात बैलांचा एक धनी राहत होता. त्याचा गोठा एवढा लांब होता की एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा बैल ओळखू येत नसे.

गावाचा बाजार डोंगरापलीकडे भरायचा. मध्ये घाट होता. घाटात दाट रान होतं आणि रानात वाघ होता.

धनी काही वाईट माणूस नव्हता. तो भ्यालेला माणूस होता. काही वर्षांपूर्वी त्याने एका विणकराला बैल उधार दिला होता. बैलाची किंमत दर बाजाराला थोडं थोडं धान्य देऊन फेडायची आणि ती फिटली की बैल विणकराचा, असा करार होता. पण वाघाने बैल घाटातच धरला. धनी तेव्हा खाली ओढ्यावर होता. बैलाचं हंबरणं त्याने ऐकलं. मग ते एकदम थांबलं, तेही त्याने ऐकलं. विणकराकडे भरून द्यायला काहीच नव्हतं. लाजेने तो गाव सोडून गेला.

त्या दिवसापासून धन्याने नियम केला. ज्याची जमीन असेल त्यानेच यावं, जमीन तारण ठेवावी आणि बैल न्यावा. बाकीच्यांनी दाराशीही येऊ नये.

आता ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्याकडे बैलही होतेच. ज्यांना बैल हवे होते, त्या कुंभारांकडे, विणकरांकडे, तेल्यांकडे जमीन नव्हती. ती माणसं डोक्यावर ओझी घेऊन एकेकटी घाट चढायची. आणि इकडे धन्याचे बैल दावणीला उभे राहून वैरण खायचे. उभ्या उभ्या त्यांची खुरं बिघडू लागली. धन्याला ते दिसत होतं. पण दावं सोडायला हात गेला की ते हंबरणं कानात घुमायचं आणि हात मागे यायचा.

गावात एक तेलीण होती. तिचं तेल इतकं चोख की पलीकडच्या बाजारात लोक तिची वाट पाहत थांबायचे. पण डोक्यावर मावून मावून किती तेल मावणार? एके दिवशी ती धन्याच्या दाराशी आली.

"धनी, एक बैल द्या. दोन्ही बाजूंना तेलाचे बुधले बांधून नेईन. दर बाजाराला धान्य आणून घालीन."

"तारण काय ठेवतेस, बाई?"

"घरात एक घाणा आहे. बाकी हे दोन हात."

"हातांना वाघ भीत नाही," धनी म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं. 

अशा तक्रारी गावोगावहून राणीच्या कानावर गेल्या. राणीने आपल्या कारभाऱ्याला गावात धाडलं. पिंपळाच्या पारावर सगळे जमले. कारभारी म्हणाला, "ज्यांच्याकडे तारण नाही, पण हुन्नर आहे, त्यांना राणीसाहेबांचा गोठा जामीन राहील. दिलेला बैल बुडाला, म्हणजे मेला किंवा त्याची फेड थांबली, तर त्याच्या चार पायांपैकी तीन पायांची किंमत राणीचा गोठा भरेल आणि चौथ्या पायाचं नुकसान धन्याचं. त्याबदल्यात प्रत्येक उधारीच्या बैलामागे वर्षाला एक वैरणीचा भारा धन्याने राणीच्या गोठ्यात पोचता करायचा."

धनी उठून उभा राहिला. "राणीसाहेबांना एवढी काळजी आहे, तर चारही पाय का घेत नाहीत?"

"मग तू लंगडा बैलही देशील," कारभारी म्हणाला, "आणि घाट कधी न पाहिलेल्या माणसालाही देशील. एक पाय तुझा राहिला, म्हणजे तुझे डोळे उघडे राहतील."

तेलीण मागे बसली होती. तिने विचारलं, "आणि बैल माझ्या हातून गेला, तर मी सुटले का?"

"नाही, बाई. गोठा तुझ्यासाठी उभा आहे, तुझ्याऐवजी नाही. जमेल तसं तुला फेडावंच लागेल, तीन वाटे गोठ्याला आणि एक धन्याला."

"मग ठीक आहे," तेलीण म्हणाली.

धन्याला मात्र काही ठीक वाटत नव्हतं. राणी दूर होती, वाघ जवळ होता. तरी चौथ्या पायासाठी त्याने तेलिणीला नीट पारखलं. कोणत्या वेळी निघतेस? कुठे थांबतेस? सोबत कोण? पूर्वी हे त्याने कुणालाच विचारलं नव्हतं. तो फक्त जमीन पाहायचा. तेलिणीला घाटातला एकेक दगड ठाऊक होता. ऊन चांगलं वर आल्याशिवाय ती रानात शिरत नसे आणि ओढ्याच्या वळणावर थांबत नसे.

अखेर त्याने एक तांबडा बैल सोडला. त्याच्या गळ्यात घुंगरमाळ बांधली आणि घाटाच्या तोंडापर्यंत तो मागे मागे गेला. घुंगरांचा आवाज बारीक होत होत नाहीसा झाला, तेव्हाच तो मागे फिरला.

तेलीण परत आली. धान्य आणलं. पुढच्या बाजारालाही आली, त्याच्या पुढच्याही. धन्याला थोडी झोप लागू लागली होती.

आणि मग एके दिवशी ऊन पाहून ती घाटात शिरली आणि मध्येच धुकं उतरलं; त्या दिवशी ती एकटीच परत आली. तिच्या हातात तुटलेला कासरा होता.

"धनी, वाघ," ती एवढंच म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

 धन्याला संताप आला. 'वाघाचं नाव सांगून विकला असेल हिने,' असंही मनात येऊन गेलं. तो म्हणाला, "दाखव मला."

चार माणसं, काठ्या आणि एक ढोल घेऊन ते घाटात गेले. धुकं झाडांना चिकटून होतं. ढोलवाल्याचा हात चालेना. वळणाच्या पुढे बुधले फुटून पडले होते आणि तेल मातीत मुरलं होतं. तिथून झुडपात फरफटीची वाट गेली होती. धनी त्या वाटेवर दोन पावलं चालला. आतून गुरगुर आली. फार मोठी नव्हती, पण इतकी जवळ की ती पायाच्या तळव्यांना जाणवली. कुणी ओरडलं नाही. सगळे पाठ न फिरवता, एकमेकांना धरून, मागे सरकत आले.

उजेडाच्या जागी आल्यावर धन्याने तेलिणीचे तळहात पाहिले. कासऱ्याने दोन्ही हातांची साल निघाली होती.

"सोडून का दिला नाहीस, वेडे?" तो म्हणाला. "तुलाही नेलं असतं त्याने."

"बैल गेला की तुमचं दार पुन्हा लागणार," तेलीण म्हणाली. "माझ्यापुरतं नाही, माझ्यासारख्या सगळ्यांसाठी. तीच भीती वाघाहून मोठी वाटली."

 तुटलेला कासरा आणि ती चार माणसं घेऊन धनी राणीच्या गोठ्याकडे निघाला. हाकलून देतील, हसतील, पुढच्या वर्षी ये म्हणतील, असं त्याला वाटभर वाटत होतं. कारभाऱ्याने सोबतच्या माणसांना विचारलं, कासरा पाहिला आणि गोठ्यातून एक खोंड काढून दिला. खोंड लहान होता, पण गेलेल्या बैलाच्या तीन पायांची किंमत त्यात भरत होती.

घरी आला तर तेलीण दाराशी उभी. फडक्यात बांधलेल्या हातांनी तिने धान्याचं माप पुढे केलं. "या वेळी एवढंच आहे. राहिलेलं फेडीन."

"आणि तेल कसं नेशील?"

"डोक्यावर. पूर्वी नेत होतेच."

धनी बराच वेळ खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. भीती गेली नव्हती. गुरगुर अजून तळव्यांत होती. पण पूर्वी भीती अख्ख्या गोठ्याएवढी होती, आता चौथ्या पायाएवढी झाली होती, आणि एवढी भीती एका माणसाला उचलता येते.

"हा कोवळा आहे, याला पुढच्या साली जुंपू," तो म्हणाला. "आज आतला पांढरा ने. पण एकटीने जायचं नाही. कुंभारांना आणि गावातल्या विणकरांनाही बोलाव. त्यांनाही बैल देतो."

त्यानंतर घाटात बैलांची रांग चढू लागली. सगळ्यांचंच सुरळीत झालं असं नाही. एका कुंभाराचा बैल रोगाने मेला, एकजण फेडायला टाळाटाळ करू लागला. तेव्हा राणीच्या गोठ्याने आपला वाटा उचलला आणि धन्याने आपला सोसला. टाळणाऱ्याकडून वसुलीही झाली. पण इतकी माणसं, इतके ढोल आणि इतकी घुंगरं रोज घाटातून जाऊ लागली, की हळूहळू वाघच ती वाट सोडून आतल्या रानात निघून गेला. तेलिणीने दोन्ही बैलांची किंमत फेडली आणि आणखी एक घाणा घातला.

बोध: नुकसानीची भीती एकट्यावर पडली की मदतीचा हात आखडतो, तीच सगळ्यांनी वाटून घेतली की कष्टाळू माणसाला वाट मिळते.