बदकांच्या पोरीने राणीला दिलेली बोली

बर्फाच्या डोंगरांपलीकडे एका राज्यात एल्का नावाची मुलगी राजाची बदकं राखायची. तिला ना आई, ना बाप. पायात बूट नाहीत, अंगात ठिगळांचा झगा. पण तोंड कसं, सारखं सुरू. बदकांशी बोलायची, फुलांशी बोलायची, कुणी नसलं तर स्वतःशीच बोलायची.

त्या राज्याची राणी मात्र चकार शब्द बोलत नसे. ओडिलिया तिचं नाव, दूरदेशातून लग्न होऊन आलेली. तिला इथली भाषा येत नव्हती. आणि राजवाड्याची रीत अशी, की राणी आधी बोलल्याशिवाय तिच्याशी कुणी बोलायचं नाही. आता सांगा, कुणी बोललंच नाही तर ती बिचारी भाषा शिकणार कशी? पण एवढं साधं त्या शहाण्यांच्या डोक्यात येईल तर शपथ! सगळे म्हणायचे, राणीला भारी गर्व. आणि राणीला वाटायचं, मी इथं कुणालाच नकोय.

एके दिवशी स्वयंपाकघरातलं बोलणं एल्काच्या कानावर आलं. दरबाराने ठरवलं होतं, या गर्विष्ठ राणीला उद्या माहेरी पाठवून द्यायचं. तान्हा राजपुत्र मात्र इथंच राहणार. आईवाचून राहणं म्हणजे काय, ते एल्काइतकं कुणाला ठाऊक?

सकाळी ती बागेत आली. एक निळी कळी बर्फाने गच्च मिटली होती आणि आत काहीतरी चमचम हलत होतं. एल्काने ती ओंजळीत धरून तिच्यावर ऊन ऊन श्वास सोडला. बर्फ वितळलं, पाकळ्या उमलल्या आणि आतून इवलीशी परी बाहेर आली. सोनेरी पंख, गुलाबी गाल, केसांत दवाचे मोतीच मोती!

परी म्हणाली, "एक इच्छा माग. स्वतःसाठी मागितलंस तर लगेच देईन. दुसऱ्यासाठी मागितलंस, तर ते तुझ्याजवळचं काढून द्यावं लागेल."

एल्काने आपल्या गारठलेल्या लालेलाल पायांकडे पाहिलं. लोकरीचे बूट तिला कधीचे हवे होते. तेवढ्यात कारंज्यापाशी तिला राणी दिसली. बाळाला उराशी धरून ती रडत होती.

"माझी बोली राणीसाहेबांना दे," एल्का म्हणाली.

"सगळी? तुझ्याजवळ एक शब्दही उरणार नाही."

एल्काने हो म्हणून मान हलवली. मग तिच्या तोंडून आवाजच फुटेना.

तिकडे राणीला माहेरी धाडायला दरबारात बोलावलं, आणि ती बोलली. आणि बोलली कशी, थेट बदकं राखणाऱ्या पोरीच्या बोलीत!

"माझं लेकरू टाकून मी कुठं जाऊ हो? तुमच्यात राहायला आलेय मी. कुणी बोलायलाच तयार नाही, मग काय बदकांशी बोलू?"

सगळे थक्क झाले. मग म्हातारे प्रधान खुदकन हसले, आणि हसता हसता दरबाराचे डोळे भरून आले. राजा सिंहासनावरून उतरला आणि म्हणाला, चुकलो, मीच आधी बोलायला हवं होतं. ती वेडगळ रीत त्याने तिथल्या तिथे मोडून टाकली.

परीने राणीला सगळं सांगितलं. राणी एल्काकडे धावली आणि परीला म्हणाली, हिची बोली हिला परत दे. परीने नाही म्हणून मान हलवली. "दिलेलं परत घेता येत नाही. पण शिकवता येतं. शिकवून तुमचं काही कमी होणार नाही."

राणीने एल्काला महालात नेलं, उबदार बूट घातले आणि रोज तिला शिकवायला बसू लागली. एल्का शेजारी, बाळ मांडीवर. मुक्यानं राहणं कसं असतं, ते राणी विसरली नव्हती.

एका सकाळी बाळाने हात पसरले आणि ते बोबडं बोललं, "आई." एल्कानेही ओठ हलवले. तिच्या तोंडून पहिलाच शब्द आला, "आई." आपण राणीला काय म्हणून बसलो! घाबरून तिने मान खाली घातली.

राणीने तिला जवळ ओढलं. "बरोबर म्हणालीस," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."

खिडकीत बसलेली परी हसली. सोनेरी उजेडाने खोली भरून गेली आणि परी त्यात दिसेनाशी झाली. एल्काचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि राणी दर वेळी "ओ" देत होती.