लॉयर आणि अ‍ॅडव्होकेट

तालुक्याच्या कोर्टात अ‍ॅडव्होकेट वसुधा खानोलकर आपली पहिलीच केस लढवत होती. भीमाबाई कुंभारणीचा मडकी भाजायचा आवा हटवून तिथे गोदाम बांधायचा घाट एका कंपनीने घातला होता. मालकाचे पुतणे रणजितराव विलायतेतून कायदा शिकून आलेले. कंपनीतर्फे तेच उभे राहिले.

वसुधाने विचारलं, "आपल्याकडे वकिलीची सनद आहे का?"

"मी लॉयर आहे," रणजितराव हसले. "लॉयर काय, अ‍ॅडव्होकेट काय, एकच. तालुक्याच्या वकिलांना इंग्रजी कोण शिकवणार?"

वसुधाचे कान तापले, पण आवाज चढला नाही. ती न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, कायदा शिकला तो लॉयर आणि सनद मिळाली तो अ‍ॅडव्होकेट. एक उपवर मुलगा, दुसरा लग्न लागलेला जावई. नुसता उपवर आहे म्हणून कुणी परक्याच्या घरी जावयाच्या पाटावर बसत नाही."

न्यायाधीशांनी हसू आवरून रणजितरावांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि कागदपत्रं पाहून आवा हटवायला मनाई केली.

बाहेर येताच भीमाबाईंनी वसुधाचा हात धरला. "वकीलबाई, जागा वाचली बघा. पण एवढ्या शिकलेल्या पोराचं लगीन कशापायी रखडलंय?"