मोरवण बेटावरची चांगुणाची जागा

मुंबईच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभरात मोरवण बेटाला लागते. लोक पडका कोट पाहतात, डोंगरावरच्या तळ्याकाठी फोटो काढतात आणि परतताना लाँचमधल्या जागेवरून हटकून भांडतात. गर्दी कितीही असो, सुकाणूजवळची एक जागा रिकामीच ठेवलेली असते. तिथं कुणी टेकलंच, तर बेटाच्या धक्क्यावर बसलेले म्हातारे हसुराम घरत त्याला उठवतात. "ती चांगुणाची हाय," एवढंच म्हणतात. लाँच सुटायला अवकाश असला, तर मग सगळं सांगतात. शहरातल्या माणसांना घाई फार, पण हे ऐकायला थांबतात.

फार पूर्वी बेटावर म्हणे सातच घरं होती. चांगुणाला आईबाप, नवरा, मूल, कुणीच नव्हतं. ती सातही घरचं पाणी तळ्यावरून भरायची आणि आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवायची. तिच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. सगळे तिला आपलीच म्हणत, आणि तिलाही ते खरं वाटे.

एका सकाळी परक्यांची लढाऊ गलबतं बेटाच्या रोखानं येताना दिसली. गावानं हाताला लागेल ते उचललं आणि दोन होड्या भरल्या. वाटेत प्यायला हवं, म्हणून चांगुणाला पाण्याला पिटाळलं. तेवढ्यात ओहोटी लागली. होड्या चिखलात रुतायच्या आत सुटल्या. पहिलीतल्यांना वाटलं, ती दुसरीत असेल. दुसरीतल्यांना वाटलं, पहिलीत. चांगुणा भरला हंडा डोक्यावर घेऊन खाली आली, तेव्हा दोन्ही शिडं लांब गेली होती. एक तरी होडी वळेल म्हणून हंडा न उतरवताच ती दुपारपर्यंत उभी राहिली.

गलबतं बेटाला न लागताच पुढं गेली. वाऱ्यानं होड्यांची फाटाफूट होऊन त्या वेगवेगळ्या खाड्यांत शिरल्या, आणि भीतीपोटी दोन वर्षं कुणी परतलं नाही. इकडं चांगुणानं आपला नेम मोडला नाही, असं सांगतात. सातही घरी पाणी भरायचं, अंगणं झाडायची, आणि ज्या घरचा वार असेल तिथली चूल पेटवून तिथंच जेवायचं. जेवताना ती बोलायची म्हणे. उत्तरासाठी जरा थांबायची, मग पुढचं बोलायची. एकटेपणानं जीव कासावीस झाला, की धक्क्यावर जाऊन बसायची. लोकांवर तिचा राग नव्हता. त्यांच्यावरच काही संकट आलं असेल, या काळजीनं ती झुरायची.

दोन वर्षांनी एका जत्रेत दोन्ही होड्यांची माणसं भेटली.

"चांगुणा बरी हाय ना?" एकानं विचारलं.

"ती तं तुमचेकडं," दुसरा म्हणाला.

त्याच दिवशी सगळे बेटावर आले. अंगणं झाडलेली, घरोघरी हंडे भरलेले, आणि एका चुलीत विस्तव. चांगुणा रडत-हसत धावत आली, प्रत्येकाच्या तोंडावरून तिनं हात फिरवला. मग झाली चूक त्यांनी सांगितली. ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, "माजी जागा कंच्या होरीन ठेवलेली?"

ती कुठल्याच होडीत ठेवलेली नव्हती. त्या दिवशी होड्यांत जाळ्यांना जागा काढली होती, भांड्यांना काढली होती, कोंबड्यांनाही काढली होती.

चांगुणानं हंडा उचलला आणि ती तळ्याची वाट चढून गेली. संध्याकाळी लोक पाहायला गेले, तर तळ्याच्या पायरीवर भरलेला हंडा होता. ती काही कुणाला सापडली नाही. कुणी म्हणतं तळ्यानं पोटात घेतली, कुणी म्हणतं डोंगरानं. हसुराम म्हणतात, आपल्याला ठाऊक नाही.

आजही बेटावरून एकही होडी ती जागा ठेवल्याशिवाय सुटत नाही. दिवसाच्या शेवटच्या दोन लाँच धक्क्यापासून जरा दूर जाऊन थांबतात. एकीवरचा तांडेल दुसरीला ओरडून विचारतो, "चांगुणा तुमचे होरीन हाय का?"

"नाय, आमचे होरीन नाय."

मग दोघेही बेटाकडे तोंड करून थोडा वेळ वाट पाहतात.